विश्लेषण : खाज डोळ्यांना, मग टोचणी हातावर का? ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द देणाऱ्या डॉ. पिर्के यांची गोष्ट

पाऊस ओसरला, ऑक्टोबरचे ऊन तापू लागले की डोळे चोळणारी मुले घरोघरी दिसू लागतात. माटुंग्यात कोणी याचा दोष स्थानकाजवळच्या फुलवाल्यांना देतो, कोणी पुनर्विकासातल्या इमारतींच्या धुळीला, तर कोणी शेजारच्या मांजराला. नेमके कारण शोधण्यासाठी डॉक्टर कधीकधी अ‍ॅलर्जीची त्वचा चाचणी सुचवतात. मग पालकांना दोन प्रश्न पडतात. आजार डोळ्यांचा असताना टोचणी हातावर कशासाठी? आणि अहवालात सात-आठ पदार्थ ‘पॉझिटिव्ह’ आले, तर तेवढे सगळे टाळायचे का? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे व्हिएन्नातील एका बालरोगतज्ज्ञाच्या आयुष्यात सापडतात. ‘अ‍ॅलर्जी’ हा शब्द त्यांनीच १९०६ मध्ये घडवला. त्यांचे नाव डॉ. क्लेमेन्स फॉन पिर्के.

पिर्के कोण होते?

पिर्के यांचा जन्म १२ मे १८७४ रोजी व्हिएन्नाजवळच्या हिर्शश्टेटेन येथे एका सरदार घराण्यात झाला. तरुणपणी त्यांची वाटचाल धर्मगुरू होण्याच्या दिशेने सुरू होती. इन्सब्रुक येथे त्यांनी धर्मशास्त्राचा आणि बेल्जियममधील लूव्हेन येथे तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला. नंतर मात्र त्यांनी वाट बदलली आणि वैद्यकशास्त्राला प्रवेश घेतला. १९०० मध्ये ग्राझ विद्यापीठातून ते डॉक्टर झाले.

पुढे ते व्हिएन्नातील सेंट अ‍ॅना बालरुग्णालयात रुजू झाले. तेथील प्रमुख होते थिओडोर एशेरिश. ‘ई. कोलाय’ या जिवाणूच्या नावातील ‘ई’ त्यांच्याच आडनावावरून आला आहे. याच रुग्णालयात पिर्के यांना बेला शिक हे तीन वर्षांनी लहान सहकारी मिळाले. घटसर्पाची ‘शिक चाचणी’ पुढे यांच्याच नावाने ओळखली गेली. प्रयोगशाळेत जे प्रश्न सुटत नव्हते, ते या दोघांनी वॉर्डातल्या खाटांशेजारी उभे राहून सोडवायचे ठरवले. मुलाला कोणत्या दिवशी काय दिले आणि कोणत्या दिवशी काय दिसले, याच्या काटेकोर नोंदी हेच त्यांचे मुख्य साधन होते.

घोड्याच्या रक्तातून आलेले कोडे काय होते?

त्या काळात घटसर्प हा मुलांचा काळ होता. १८९० च्या दशकात त्यावर उपाय सापडला. घोड्याला घटसर्पाचे विष थोडे थोडे टोचायचे, त्याच्या रक्तात प्रतिपिंडे तयार झाली की ते रक्तद्रव, म्हणजे सीरम, आजारी मुलाला टोचायचे. या शोधासाठी एमिल फॉन बेरिंग यांना १९०१ मध्ये वैद्यकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. सीरममुळे असंख्य मुले वाचली. पण काही मुलांना आठ ते बारा दिवसांनी वेगळाच त्रास सुरू व्हायचा. ताप यायचा, अंगावर पित्त उठायचे, सांधे दुखायचे, गाठी सुजायच्या.

हा त्रास घटसर्पाचा नव्हता, कारण घटसर्प तर बरा होत होता. पिर्के आणि शिक यांनी नोंदी तपासल्या, तेव्हा एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. त्याच मुलाला काही काळानंतर दुसऱ्यांदा सीरम द्यावे लागले, तर आठ-बारा दिवस वाट पाहावी लागत नसे. त्रास काही तासांत, कधी काही मिनिटांत सुरू होई. औषध तेच, मात्राही तीच. बदललेले होते ते मुलाचे शरीर. घोड्याचे प्रथिन त्याने एकदा पाहिले होते आणि ते लक्षात ठेवले होते.

या अभ्यासावरचे त्यांचे पुस्तक १९०५ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातला निष्कर्ष त्या काळाला धक्का देणारा होता. प्रतिपिंडे शरीराचे रक्षण करतात, एवढेच तोवर मानले जात होते. रक्षण करणारीच यंत्रणा माणसाला आजारीही पाडू शकते, असे पिर्के आणि शिक यांचे म्हणणे होते. ही गोष्ट आजही जुनी झालेली नाही. सर्पदंशावरचे प्रतिविष आपल्याकडे घोड्यांच्या रक्तापासूनच तयार होते. परळच्या हाफकिनचे नाव त्यासाठी अनेक दशके घेतले जाते. प्रतिविष दिलेल्या रुग्णाला घरी सोडताना पुढच्या एक-दोन आठवड्यांत ताप, पुरळ किंवा सांधेदुखी झाली तर परत या, असे सांगितले जाते. त्या सूचनेमागे व्हिएन्नाच्या वॉर्डातल्या याच नोंदी आहेत.

मग ‘अ‍ॅलर्जी’ या शब्दाचा मूळ अर्थ काय?

२४ जुलै १९०६ रोजी म्युनिचच्या एका वैद्यकीय साप्ताहिकात पिर्के यांचा छोटासा लेख छापून आला. ‘अ‍ॅलॉस’ म्हणजे वेगळे आणि ‘एर्गॉन’ म्हणजे कार्य, या दोन ग्रीक शब्दांवरून त्यांनी ‘अ‍ॅलर्जी’ हा नवा शब्द घडवला. त्यांचा अर्थ साधा होता. एखाद्या बाहेरच्या पदार्थाशी आधी गाठ पडल्यामुळे शरीराची प्रतिक्रिया बदलणे म्हणजे अ‍ॅलर्जी. मग तो बदल फायद्याचा असो वा तोट्याचा. देवीची लस घेतलेल्या माणसाला देवी न होणे आणि मधमाशी दुसऱ्यांदा चावल्यावर अंग सुजणे, ही त्यांच्या दृष्टीने एकाच नाण्याची दोन रूपे होती. गवताच्या परागकणांनी होणारा ‘हे फीवर’, डासांचे चावे, स्ट्रॉबेरी किंवा खेकडा खाऊन उठणारे पित्त, हे सारे त्यांनी याच छत्राखाली आणले.

पुढे शब्दाचा अर्थ आक्रसला. आज अ‍ॅलर्जी म्हटले की फक्त त्रास डोळ्यांसमोर येतो. ‘मला त्या माणसाची अ‍ॅलर्जी आहे,’ असेही आपण सहज म्हणतो. पण चाचणीचा अहवाल हातात घेताना मूळ अर्थ आठवलेला बरा. अ‍ॅलर्जी म्हणजे शरीराने ठेवलेली आठवण. आठवण असणे आणि आजार असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

हातावरची चाचणी कशी जन्माला आली?

शरीर आठवण ठेवते, तर ती बाहेरून वाचता येईल का, हा पिर्के यांचा पुढचा प्रश्न होता. त्याचे उत्तर त्यांना देवीच्या लसीकरणात मिळाले. पहिल्यांदा लस टोचली की फोड यायला बरेच दिवस लागत. पूर्वी लस घेतलेल्याच्या हातावर मात्र एका दिवसातच लाली दिसे. म्हणजे त्वचा हाच एक पडदा होता, ज्यावर शरीराची आठवण उमटत होती.

हीच युक्ती त्यांनी क्षयरोगासाठी वापरली. क्षयाच्या जिवाणूंचा अर्क, म्हणजे ट्युबरक्युलिन, रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्ये औषध म्हणून जाहीर केला होता. औषध म्हणून तो फसला. पिर्के यांनी तो तपासणीसाठी वापरला. हाताच्या पुढच्या भागावर, आतल्या बाजूला, थोड्या अंतरावर अर्काचे दोन थेंब ठेवायचे आणि त्या जागी त्वचा अगदी वरवर खरवडायची. दोन्हींच्या मधोमध तिसरा ओरखडा, पण तिथे अर्क नाही. एक-दोन दिवसांनी पाहायचे. अर्काच्या जागी लाल फुगवटा आला आणि मधला ओरखडा शांत राहिला, तर या शरीराची क्षयाच्या जिवाणूशी कधी ना कधी गाठ पडली आहे. १९०७ च्या मे महिन्यात त्यांनी ही चाचणी बर्लिनच्या वैद्यकीय सभेत मांडली.

मधला तो रिकामा ओरखडा महत्त्वाचा. काही जणांची त्वचा नुसती खरवडली तरी लाल होते. तुलनेला साधी जागा नसेल, तर ती लाली कशामुळे हे कळणार नाही. कोणतेही मोजमाप करणारे उपकरण वापरण्याआधी त्याचा शून्य तपासून घ्यावा लागतो, तसेच हे आहे. आजच्या अ‍ॅलर्जी चाचणीतही एक थेंब साध्या खारट द्रावणाचा असतो आणि एक हिस्टामाइनचा. पहिल्यावर काही उठू नये, दुसऱ्यावर उठलेच पाहिजे. हे दोन्ही नीट नसतील, तर बाकीच्या थेंबांचे निकाल वाचण्यात अर्थ नाही.

थेट डोळ्यातच चाचणी का करत नाहीत?

केली होती. तीही पिर्के यांच्याच काळात आणि त्यांच्या आधीही.

मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली यांना स्वतःला दर उन्हाळ्यात शिंका आणि डोळ्यांची आग यांचा त्रास होता. उन्हामुळे होते, धुळीमुळे होते, ओझोनमुळे होते, असे नाना तर्क तेव्हा लढवले जात. ब्लॅकली यांनी एकेक तर्क स्वतःवर तपासला आणि शेवटी गवताच्या परागकणांवर येऊन थांबले. त्यांनी स्वतःचा हात खरवडून त्यावर ओले परागकण ठेवले, तेव्हा खाज सुटून फुगवटा आला. डोळ्याला लावले, तेव्हा डोळा सुजला. चिकट काचपट्ट्या पतंगांना बांधून उंच हवेत किती पराग आहेत, हेही त्यांनी मोजले. त्यांचे पुस्तक १८७३ मध्ये आले. त्वचा आणि डोळा एकाच पदार्थाला एकसारखे उत्तर देऊ शकतात, याचा हा पहिला ठोस पुरावा होता. हातावरच्या टोचणीमागचे कारणही हेच. अ‍ॅलर्जीची प्रतिपिंडे रक्तातून सर्वत्र फिरतात आणि त्वचेतल्या तसेच डोळ्यातल्या पेशींवर जाऊन बसतात. त्यामुळे डोळ्याला न छेडता हाताला विचारता येते.

पिर्के यांची चाचणी आली त्याच वर्षी, १९०७ मध्ये, बर्लिनचे वोल्फ-आइस्नर आणि फ्रान्समधील लिल शहरातले अल्बेर काल्मेत यांनी ट्युबरक्युलिनचा थेंब थेट डोळ्यात टाकून पाहिला. बीसीजी लशीच्या नावातील ‘सी’ म्हणजे हेच काल्मेत. पद्धत सोपी होती, खरवडायची गरज नव्हती आणि निकाल लगेच दिसे. पण काही रुग्णांचे डोळे दिवसेंदिवस लाल राहिले, काहींच्या बुबुळावर जखमा झाल्या. हातावर उठलेला फुगवटा बसतो आणि माणूस विसरून जातो. बुबुळावरचा डाग मात्र नजर घेऊन जातो. डोळ्यातली ही चाचणी अखेर मागे पडली आणि त्वचेची राहिली. १९०८ मध्ये फ्रान्सच्या शार्ल माँतू यांनी अर्क सुईने त्वचेत टोचण्याची पद्धत आणली. आपल्याकडे क्षयाच्या तपासणीत आजही होणारी ‘मांटू टेस्ट’ ती हीच.

डोळ्यातला थेंब पूर्ण हद्दपार झाला असे मात्र नाही. १९११ मध्ये लंडनच्या लेनर्ड नून यांनी हे फीवरच्या रुग्णांना गवताच्या परागांचा अर्क वाढत्या मात्रेत टोचून त्यांची सहनशक्ती वाढवण्याचा प्रयोग केला. ती किती वाढली, हे मोजण्यासाठी त्यांनी डोळ्यातच सौम्य अर्काचे थेंब टाकले. आजच्या अ‍ॅलर्जीच्या इंजेक्शनांची सुरुवात तिथून झाली. नून यांचा १९१३ मध्ये क्षयानेच मृत्यू झाला. आज डोळ्यातील अशी चाचणी संशोधनात किंवा निवडक रुग्णांतच, पूर्ण तयारी असलेल्या ठिकाणी होते.

‘पॉझिटिव्ह’ म्हणजे आजारी का?

हा प्रश्न पिर्के यांच्यासमोरही उभा राहिला आणि त्यांनी त्याचे उत्तर प्रामाणिकपणे दिले. व्हिएन्नातील मुलांवर त्यांनी चाचणी सुरू केली, तेव्हा वय वाढेल तसे पॉझिटिव्ह येणाऱ्यांचे प्रमाण वाढत गेले. त्यांतली कित्येक मुले ठणठणीत होती. खोकला नाही, ताप नाही, खाणे-खेळणे नीट. चाचणी चुकत नव्हती. त्या मुलांच्या शरीरात जिवाणू शिरला होता, पण रोग झाला नव्हता. या अवस्थेला पिर्के यांनी सुप्त क्षय म्हटले. तो शब्द आजही क्षयरोगाच्या शास्त्रात वापरला जातो.

म्हणजे मोठ्या माणसात निव्वळ पॉझिटिव्ह निकालावरून फार काही सांगता येत नव्हते. तान्ह्या बाळात मात्र तोच निकाल गंभीर होता, कारण त्याला लागण होऊन फार दिवस झालेलेच नसत. चाचणी एकच, पण ती कोणाच्या हातावर केली यावर तिचा अर्थ ठरत होता.

माटुंग्याच्या परिसराला याचे एक जवळचे उदाहरण आहे. १८९० मध्ये माटुंग्यात निराधार कुष्ठरुग्णांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय ते हेच. कुष्ठरोगातही पुढे ‘लेप्रोमिन’ नावाची त्वचा चाचणी आली. तिची गंमत अशी, की ती अनेक निरोगी माणसांत पॉझिटिव्ह येते आणि ज्यांच्या अंगात जिवाणू सर्वाधिक असतात, त्या रुग्णांत निगेटिव्ह. त्यामुळे तिच्यावरून कुष्ठरोग आहे की नाही हे ठरवत नाहीत. शरीर जिवाणूला कसे तोंड देते आहे, एवढेच ती सांगते.

पिर्के यांचे पुढे काय झाले?

१९०७ नंतर पिर्के यांचे नाव जगभर गेले. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाने त्यांना बालरोगशास्त्राचे प्राध्यापक म्हणून बोलावले. तिथे थोडा काळ काढून ते ब्रेस्लाऊला आले आणि १९११ मध्ये एशेरिश यांच्या निधनानंतर त्यांच्याच जागी व्हिएन्नाच्या बालरुग्णालयाचे प्रमुख झाले. नोबेलसाठी त्यांचे नाव अनेकदा सुचवले गेले, पण पारितोषिक मिळाले नाही.

पहिल्या महायुद्धानंतर व्हिएन्नात उपासमार सुरू झाली. पिर्के यांनी अ‍ॅलर्जीचे संशोधन बाजूला ठेवले आणि मुलांच्या जेवणाचा प्रश्न हाती घेतला. अमेरिकेच्या मदतीतून ऑस्ट्रियात लाखो मुलांना रोज जेवण देण्याची योजना सुरू झाली, तिची धुरा त्यांच्याकडे होती. धान्य मर्यादित, मुले अमर्याद. कोणाला किती द्यायचे, हे ठरवण्यासाठी त्यांनी स्वतःची मोजणी तयार केली. एक ग्रॅम दुधाचे पोषणमूल्य म्हणजे एक ‘नेम’, आणि मुलाच्या बसलेल्या उंचीवरून त्याची गरज. ही पद्धत पुढे टिकली नाही, पण त्या वर्षांत तिच्या आधारे स्वयंपाकघरे चालली. १९२८ मध्ये ऑस्ट्रियाच्या राष्ट्राध्यक्षपदासाठीही त्यांच्या नावाची चर्चा होती.

घरातले आयुष्य मात्र सुखाचे नव्हते. पत्नी मारिया यांच्याशी झालेला विवाह त्यांच्या घराण्याला मान्य नव्हता. मारिया दीर्घकाळ आजारी असत. दोघांना मूल नव्हते. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी व्हिएन्नातील राहत्या घरी या दांपत्याने एकत्र आयुष्य संपवले. पिर्के तेव्हा ५४ वर्षांचे होते.

त्यांच्यानंतर चाचणी कशी बदलली?

पिर्के यांना शरीराची आठवण दिसली होती, पण ती कशात साठते हे त्यांच्या हयातीत कळले नाही. १९२१ मध्ये ब्रेस्लाऊच्या कार्ल प्राउस्निट्झ यांनी माशांची अ‍ॅलर्जी असलेले सहकारी हाइन्झ क्युस्टनर यांचे सीरम स्वतःच्या त्वचेत टोचले. नंतर त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तेव्हा तिथे फुगवटा आला. अ‍ॅलर्जी रक्तातून दुसऱ्याला देता येते, हे सिद्ध झाले. तो रक्तातला घटक म्हणजे आयजीई हे प्रतिपिंड, हे कळायला १९६० च्या दशकाची अखेर उजाडली. अमेरिकेत इशिझाका दांपत्य आणि स्वीडनमध्ये योहान्सन व बेनिक यांनी ते स्वतंत्रपणे शोधले.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. ट्युबरक्युलिनची प्रतिक्रिया पांढऱ्या पेशींमुळे होते आणि ती दोन-तीन दिवसांनी वाचतात. परागकण, धूळ यांसाठी होणारी ‘प्रिक टेस्ट’ आयजीईवर चालते आणि तिचा निकाल १५ ते २० मिनिटांत येतो. हातावर वेगवेगळ्या अर्कांचे थेंब ठेवतात, प्रत्येक थेंबातून त्वचेला बारीक टोच देतात. खारट द्रावणाच्या जागेपेक्षा किमान ३ मिलिमीटर मोठा फुगवटा आला, तर तो पॉझिटिव्ह धरतात. तिसरी ‘पॅच टेस्ट’. तीत पाठीवर पट्ट्या चिकटवून दोन दिवसांनी आणि त्यानंतर पुन्हा पाहतात. पापण्यांवर इसब येत असेल आणि काजळ, केसांचा रंग किंवा डोळ्यांच्या औषधातल्याच एखाद्या घटकावर संशय असेल, तर ती उपयोगी पडते.

डोळ्यांच्या अ‍ॅलर्जीत त्वचा चाचणीचा उपयोग किती?

तो आजाराच्या प्रकारावर ठरतो. ठरावीक ऋतूत किंवा वर्षभर डोळे खाजणे, पाणी येणे, सोबत शिंका, हा सर्वात आढळणारा प्रकार. यात प्रिक टेस्टचा उपयोग चांगला होतो.

दुसरा प्रकार ‘व्हर्नल’. उष्ण प्रदेशात, शाळकरी वयात आणि मुलग्यांत तो जास्त दिसतो. खाज प्रचंड असते, तारेसारखा चिकट स्राव येतो, वरच्या पापणीच्या आत खडबडीत उंचवटे येतात. बुबुळावर जखम झाली तर नजरेला धोका असतो. या आजारात बऱ्याच मुलांची त्वचा चाचणी निगेटिव्ह येते. म्हणून ती निगेटिव्ह आली म्हणजे डोळ्यात काही नाही, असे समजू नये. पापणी उलटून पाहणाऱ्या नेत्रतज्ज्ञाचे निदान इथे वरचढ ठरते.

तिसरा प्रकार पिर्के यांच्या मूळ चाचणीकडे परत नेतो. बुबुळाच्या कडेला पांढुरकी-पिवळसर पुटकुळी येते, डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही. याला ‘फ्लिक्टेन’ म्हणतात. ही जिवाणूच्या प्रथिनाला शरीराने दिलेली प्रतिक्रिया असते. पापण्यांवरच्या जिवाणूंमुळे ती होऊ शकते, तशीच शरीरात इतरत्र असलेल्या क्षयामुळेही. म्हणून आपल्याकडे अशा मुलाची मांटू टेस्ट आणि छातीचा एक्स-रे करून घेतात. डोळ्यातल्या अ‍ॅलर्जीने छातीतला क्षय पकडला जाण्याची ही वाट आहे.

मुंबईत संशय कोणावर घ्यायचा?

फुलवाल्यांवर सहसा नाही. झेंडू, गुलाब, मोगरा यांसारख्या फुलांचे पराग जड आणि चिकट असतात, ते कीटकांच्या अंगाला लागून जातात. रोज हार गुंफणाऱ्याला त्यांचा त्रास होऊ शकतो, बाजारातून चालत जाणाऱ्याला क्वचितच. वाऱ्यावर लांब जातात ते गवताचे हलके पराग. पावसाळ्याच्या अखेरीस रेल्वेमार्गाकडेला, रिकाम्या भूखंडांवर आणि मैदानांच्या कडेला गवत फुलोऱ्यावर येते. दिसायला त्याचे फूल नगण्य, म्हणून त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

वर्षभर खाज येत असेल, तर संशय घरातच घ्यावा. गाद्या-उश्यांत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे माइट नावाचे किडे मुंबईच्या दमट हवेत चांगले वाढतात. झुरळे आणि ओल आलेल्या भिंतींवरची बुरशी हे दुसरे-तिसरे संशयित. सिमेंटची धूळ आणि धूर यांनी डोळे चुरचुरतात, पण तो बहुधा अ‍ॅलर्जीचा नव्हे, तर थेट दाहाचा त्रास असतो. तो त्वचा चाचणीत दिसत नाही.

चाचणी करून घेण्यापूर्वी काय लक्षात ठेवावे?

त्रास केव्हा, कुठे आणि कशाने वाढतो, याची निदान दोन-तीन आठवडे नोंद ठेवावी. अहवाल या नोंदीशी ताडूनच वाचायचा असतो. माइट पॉझिटिव्ह आला आणि मुलाला सकाळी उठताच खाज येते, तर दुवा जुळतो. कोळंबी पॉझिटिव्ह आली, पण मूल वर्षानुवर्षे ती खाऊन ठीक आहे, तर केवळ अहवालावरून ताटातली कोळंबी काढू नये. वाढत्या वयाच्या मुलांचे दूध, अंडी, डाळी असे एकामागोमाग बंद केले, तर नुकसान अ‍ॅलर्जीपेक्षा मोठे होते.

सर्दी-खाजेच्या गोळ्या, म्हणजे अँटिहिस्टामाइन, चाचणीआधी साधारण आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात. नाही तर निकाल खोटा निगेटिव्ह येतो. मात्र कोणते औषध किती दिवस थांबवायचे, हे डॉक्टरांनीच ठरवावे. दमा आटोक्यात नसेल, तर चाचणी पुढे ढकलतात. काचबिंदूसाठी टिमोलॉलसारखे थेंब चालू असतील, तर तेही सांगावे. चाचणीत गंभीर प्रतिक्रिया अगदी विरळ असते. तरीही ती जिथे अ‍ॅड्रिनालिन आणि प्रशिक्षित डॉक्टर हजर आहेत, अशाच ठिकाणी करावी. त्वचेवर चाचणी शक्य नसेल, तर रक्तातील विशिष्ट आयजीई तपासता येते.

सर्वात मोठा धोका चाचणीत नाही, तर औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेल्या स्टिरॉइडच्या थेंबांत आहे. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून तीच बाटली महिनोन्‌महिने आणली जाते. त्यातून डोळ्याचा दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, लहान वयात मोतीबिंदू होऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. डोळे सतत चोळण्याने बुबुळाचा आकार बिघडतो, तेही वेगळेच. थंड पाण्याच्या पट्ट्या, उश्यांच्या खोळी आठवड्याला गरम पाण्यात धुणे, डॉक्टरांनी दिलेले साधे थेंब नियमित घालणे आणि ठरलेल्या वेळी डोळ्याचा दाब मोजून घेणे, हे उपाय चाचणीचा निकाल येण्याआधीही सुरू करता येतात.

हातावरचा फुगवटा शरीराला काय आठवते एवढेच सांगतो. डोळ्याला आज काय झाले आहे, हे डोळा तपासूनच कळते. पिर्के यांच्या वॉर्डातले पॉझिटिव्ह निकालाचे ठणठणीत मूल ध्यानात ठेवले, तर अहवालातल्या सात-आठ पॉझिटिव्ह नावांनी घाबरून जायला होत नाही.